गॅसचा साठा भागिले जीडीपी: हे गुणोत्तर काढायचे कसे आणि वाचायचे कसे

प्रश्न असा आहे: अर्थव्यवस्थेच्या मानाने सर्वात जास्त नैसर्गिक गॅस कोणत्या देशाकडे आहे? मोझांबिकसारख्या गरीब देशाचे नाव अशा यादीत इतके वर कसे येते? आणि तो देश आता श्रीमंत होणार, असे त्यावरून म्हणता येते का?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. साठा घनमीटरमध्ये घ्या, त्याला वर्षाच्या जीडीपीने (डॉलरमध्ये) भागा. देशात वर्षभरात होणाऱ्या प्रत्येक डॉलरच्या उत्पन्नामागे जमिनीखाली किती घनमीटर गॅस आहे, ते कळते. खालच्या आकड्यांत साठे २०२० अखेरचे, बीपी या तेल कंपनीच्या वार्षिक आढाव्यातले आहेत. मोझांबिकचा आकडा तेवढा अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाचा आहे. जीडीपी २०२३ चा, चालू डॉलरमध्ये, ठोकळ.

तुर्कमेनिस्तान: १३.६ लाख कोटी घनमीटर, ६० अब्ज डॉलर. डॉलरमागे सुमारे २२५ घनमीटर
मोझांबिक: २.८ लाख कोटी, २० अब्ज, सुमारे १४०
कतार: २४.७ लाख कोटी, २१३ अब्ज; सुमारे ११५
इराण: ३२ लाख कोटी, ४०० अब्ज; सुमारे ८०
रशिया: ३७.४ लाख कोटी, २,००० अब्ज. १८ ते १९
नॉर्वे: १.४ लाख कोटी, ४८५ अब्ज, सुमारे ३
अमेरिका: १२.६ लाख कोटी, २७,७०० अब्ज. अर्ध्या घनमीटरहून थोडे कमी
भारत: १.३ लाख कोटी, ३,६०० अब्ज, ०.३६

यादी नीट पाहिली की एक गोष्ट लगेच खटकते. तुर्कमेनिस्तान, मोझांबिक आणि इराण वर आहेत, आणि तेल आणि गॅसच्या जोरावर पिढ्यान् पिढ्यांची सोय करून ठेवलेला नॉर्वे पार खाली, ३ वर. म्हणजे हे गुणोत्तर श्रीमंती मोजत नाही. माझ्या मते ते एकच गोष्ट चांगली सांगते: जमिनीखालचा गॅस हा देशाच्या आजच्या ताकदीच्या मानाने किती मोठा आहे. गॅस काढायला लागणारे भांडवल, तो वाहून न्यायची सोय, करार वाचणारी माणसे आणि आलेला पैसा सांभाळणारी व्यवस्था, हे सगळे त्या ताकदीत आले. आकडा जितका मोठा, तितके या कामांसाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. पण हा निष्कर्ष काढायचा तर आधी अंश आणि छेद दोन्ही तपासून घ्यावे लागतात. बहुतेक चुका तिथेच होतात.

एककापासून सुरुवात करू. अमेरिकी आणि तेल कंपन्यांची कागदपत्रे घनफुटात बोलतात, युरोप आणि भारत घनमीटरमध्ये. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. इंग्रजी संक्षेपात दोन्हींत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, त्यामुळे वर्तमानपत्री बातमीत ३५ पटींची चूक सहज होते. यावर एक साधी पडताळणी आहे. जगातले एकूण सिद्ध साठे १८८ लाख कोटी घनमीटरच्या आसपास आहेत. मोझांबिककडे '१०० लाख कोटी घनमीटर' आहेत असे कुठे वाचलेत, तर निम्म्याहून अधिक जग एका देशाच्या नावावर चढवले आहे, हे ओळखा. ते १०० लाख कोटी घनफूट आहेत.

दुसरी बाब तापमानाची. भारतातला प्रमाण घनमीटर १५ अंश सेल्सियसला मोजतात. जुन्या सोव्हिएत पद्धतीत २० अंशांना मोजतात, युरोपातल्या काही कागदपत्रांत 'नॉर्मल' घनमीटर शून्य अंशांना. शून्य अंशांचा १ घनमीटर १५ अंशांना साधारण १.०५५ होतो, २० अंशांचा १ घनमीटर १५ अंशांना ०.९८३. देशांची क्रमवारी लावायला हा फरक किरकोळ आहे, पण कराराची किंमत काढताना किंवा तुर्कमेनी आकडे भारतीय आकड्यांशेजारी ठेवताना तो सोडू नये. शक्य असेल तर सरळ उष्णतामूल्यात जावे. एलएनजीचा (थंड करून द्रवरूप केलेल्या नैसर्गिक गॅसचा) १ टन म्हणजे साधारण ५२ एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट, उष्णतेचे एकक), आणि १ लाख कोटी घनफूट गॅसपासून जवळपास २ कोटी टन एलएनजी होतो. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ हिशेब पाठीमागच्या कोऱ्या पानावर होतात.

आता अंश, म्हणजे साठा. इथे मी सर्वात जास्त वेळ घालवतो, कारण 'साठा' या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी खपतात. खडकात एकूण असलेला गॅस ही पहिली. त्यातला तंत्राने बाहेर काढता येईल तो दुसरी. गॅसच्या क्षेत्रात हे प्रमाण बरेचदा ६० ते ८० टक्के असते. खालून पाणी जोरात वर सरकत असेल तर त्याहून कमी. शोध लागला आहे, तंत्रही आहे, पण बाजार, पैसा किंवा सरकारी मंजुरी ठरलेली नाही, असा गॅस तिसरी. पेट्रोलियम अभियंत्यांच्या वर्गीकरणात त्याला 'साठा' म्हणतच नाहीत, तो 'अवलंबी संसाधन' असतो. आणि चौथी, प्रकल्प ठरलेला आहे, दर परवडतो आणि किमान ९० टक्के खात्रीने निघेल असा सिद्ध साठा. गुणोत्तरासाठी हीच चौथी गोष्ट हवी असते. बातमीत बहुधा पहिली येते.

फरक केवढा पडतो ते इंडोनेशियाच्या नातुना डी-अल्फा क्षेत्रात दिसते. १९७३ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रात २२२ लाख कोटी घनफूट वायू आहे, पण त्यातला सुमारे ७१ टक्के कार्बन डायऑक्साइड. विकण्याजोगा, काढता येण्याजोगा गॅस ४६ लाख कोटी घनफुटांवर येतो. आणि कार्बन डायऑक्साइड वेगळा करून पुन्हा जमिनीखाली दाबायचा खर्च इतका की अर्धे शतक उलटले तरी क्षेत्र जिथल्या तिथे आहे. इजिप्तचे झोहर हे ताजे उदाहरण. २०१५ मध्ये '३० लाख कोटी घनफूट' म्हणून गाजलेला आकडा खडकातल्या एकूण गॅसचा होता. डिसेंबर २०१७ मध्ये उत्पादन सुरू झाले, देश काही वर्षे निर्यातदारही झाला. मग उत्पादन घसरले आणि २०२४ मध्ये इजिप्त पुन्हा एलएनजी आयात करत होता.

साठा किमतीबरोबरही हलतो, आणि हे पुष्कळांना माहीत नसते. अमेरिकेत सिद्ध साठा मागच्या बारा महिन्यांच्या सरासरी दरावर ठरतो. २०२२ मध्ये दर चढे होते, तेव्हा साठा ६९१ लाख कोटी घनफूट होता. २०२३ मध्ये दर कोसळले आणि तो ६०४ वर आला. साडेबारा टक्के गॅस कुठे गेला नव्हता, तो फक्त परवडेनासा झाला. म्हणून ज्या वर्षाचा साठा, त्याच वर्षाचा दर शेजारच्या स्तंभात लिहावा. वरच्या यादीत अमेरिकेचा १२.६ हा आकडा २०२० चा, म्हणजे पडत्या दराच्या वर्षाचा आहे. २०२२ चा घेतला तर तो १९.६ होतो आणि गुणोत्तर पाऊणाकडे सरकते.

तुर्कमेनिस्तानचा आकडा तर दशकभर लंबकासारखा हलला आहे. बीपीच्या २०१२ च्या आढाव्यात त्या देशाचे साठे २४.३ लाख कोटी घनमीटर होते, पुढच्याच वर्षी १७.५, नंतर १९.५ आणि २०२१ च्या आढाव्यात १३.६. खाली गॅस तोच. अवाढव्य गाल्किनिश क्षेत्राचे मूल्यमापन कोणत्या वर्गात धरायचे, यावर मतभेद. १३.६ ऐवजी २४.३ धरले तर डॉलरमागे ४०० घनमीटर होतात. सोव्हिएत वारशाचे साठ्यांचे वर्ग मुख्यतः भूगर्भशास्त्रीय खात्रीवर बेतलेले आहेत, व्यापारी नफ्याचा विचार त्यात थोडा असतो. त्यामुळे ते आकडे अमेरिकी शेअर बाजाराच्या नियमांनी मोजलेल्या आकड्यांशेजारी ठेवताना तळटीप हवीच.

मोझांबिकची कथा याहून नाट्यमय आहे. 'ऑइल अँड गॅस जर्नल'च्या यादीत २०१३ च्या सुरुवातीला या देशाचे साठे ४.५ लाख कोटी घनफूट होते, २०१४ च्या सुरुवातीला १००. बावीस पट, एका वर्षात. रोवुमा खोऱ्यात, काबो देल्गादो प्रांताच्या किनाऱ्यासमोर खोल समुद्रात, २०१० पासून एकापाठोपाठ एक मोठे शोध लागले होते. ते सगळे एकदम खात्यावर चढले. पण तेव्हा द्रवीकरणाच्या एकाही प्रकल्पाचा अंतिम गुंतवणूक निर्णय झालेला नव्हता. काटेकोर वर्गीकरणात त्यातला बहुतेक गॅस अजून 'अवलंबी संसाधन' होता. समुद्रातल्या कोराल सुल या तरंगत्या प्रकल्पाचा निर्णय २०१७ मध्ये झाला, किनाऱ्यावरच्या अफुंगी इथल्या 'मोझांबिक एलएनजी'चा जून २०१९ मध्ये. जो गॅस या प्रकल्पांना जोडलेला आहे तोच खरा साठा; उरलेला आशेच्या खात्यावर लिहावा.

छेद, म्हणजे जीडीपी, दिसायला निरुपद्रवी वाटतो. तसा तो नाही.

चलनाचा दर पाहा. तुर्कमेनिस्तानचे चलन 'मनात' १ जानेवारी २०१५ पासून डॉलरला ३.५ वर बांधलेले आहे. काळ्या बाजारात दर त्याच्या कित्येक पट राहिला आहे. सरकारी दराने ६० अब्ज डॉलरचा जीडीपी बाजारदराने मोजला तर कित्येक पट आकसेल आणि गुणोत्तर तितकेच फुगेल. इराणमध्येही अनेक दर एकाच वेळी चालतात. अशा देशांसाठी मी एक आकडा न देता दोन देतो, सरकारी दराचा आणि बाजारदराचा, आणि क्रमवारीत त्यांचे स्थान पट्ट्यात दाखवतो. क्रयशक्तीवर आधारलेला (स्थानिक किमतींप्रमाणे जुळवून घेतलेला) जीडीपी मात्र इथे वापरू नये. गॅस डॉलरमध्ये विकला जातो, यंत्रे आणि ड्रिलिंगची जहाजे डॉलरमध्ये येतात; स्थानिक केशकर्तन स्वस्त आहे याचा त्या हिशेबाशी संबंध नाही.

गॅस स्वतःच जीडीपीत बसलेला असतो, ही त्याहून बारीक अडचण. कतारचा जीडीपी २०२० मध्ये सुमारे १४४ अब्ज डॉलर होता, २०२२ मध्ये सुमारे २३६ अब्ज. साठा तेवढाच, तरी गुणोत्तर १७० वरून १०५ वर आले, केवळ दर चढले म्हणून. याचा अर्थ गॅस महाग झाला की कतार 'गॅसने कमी समृद्ध' दिसू लागतो, जे उलटेच आहे. उपाय दोन: जीडीपीची पाच वर्षांची सरासरी घ्या, किंवा तेल-गॅस वगळून उरलेला जीडीपी छेदात ठेवा. निर्यातदार देशांसाठी मला दुसरा उपाय अधिक पटतो, कारण पैसा पचवायचा असतो तो उरलेल्या अर्थव्यवस्थेलाच.

दोन काळांची तुलना करताना महागाई विसरू नका. नेदरलँड्समधले ग्रोनिंगेन क्षेत्र १९५९ मध्ये सापडले. त्यातला काढता येण्याजोगा गॅस अखेर २.८ लाख कोटी घनमीटर ठरला, जवळजवळ आजच्या मोझांबिकएवढाच. १९६० चा डच जीडीपी सुमारे १२ अब्ज डॉलर. भागाकार केला तर डॉलरमागे २३० घनमीटर, म्हणजे तुर्कमेनिस्तानला गाठणारा आकडा! पण १९६० चा एक डॉलर आजचे दहा डॉलर. आजच्या डॉलरमध्ये गुणोत्तर २२-२३ वर येते. शिवाय एवढा गॅस तिथे आहे हे १९६० मध्ये कोणालाच माहीत नव्हते. अंदाज टप्प्याटप्प्याने वाढत गेले. (त्या सधन देशालाही गॅसच्या पैशाने चलन महाग होऊन कारखानदारी बसण्याचा त्रास झाला, आणि त्या दुखण्याला १९७७ मध्ये नावच 'डच रोग' पडले. पुढे उपशामुळे भूकंप होऊ लागले, २०१२ मध्ये हाउझिंगे इथे ३.६ तीव्रतेचा, ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबवले गेले, जमिनीत गॅस शिल्लक असताना.)

आता प्रश्नाचा गाभा: एवढा गॅस म्हणजे एवढा पैसा का? मोझांबिकवर पूर्ण हिशेब मांडतो. खालचे दर आणि खर्च ही हिशेबासाठी धरलेली गृहीतके आहेत. आपापल्या अंदाजाने बदलून पाहा.

बातमीतला हिशेब असा असतो. १०० लाख कोटी घनफूट म्हणजे साधारण १०३ अब्ज एमएमबीटीयू. दर ८ डॉलर धरला तर ८२४ अब्ज डॉलर. जीडीपी २० अब्ज. 'देशाच्या उत्पन्नाच्या चाळीस पट खजिना!'

खरा हिशेब उलट्या टोकाने, जहाजापासून सुरू होतो. अफुंगीच्या प्रकल्पाची क्षमता वर्षाला १.३१ कोटी टन, दोन 'ट्रेन'ची (गॅस द्रवरूप करणाऱ्या यंत्रसाखळ्यांची) मिळून. ५२ ने गुणले की ६८ कोटी एमएमबीटीयू. ८ डॉलरने वर्षाची विक्री साडेपाच अब्ज डॉलरच्या आत. याच वेगाने २५ वर्षे चालले तर ३३ कोटी टन एलएनजी निघेल, त्याला प्रकल्पात स्वतःसाठी जळणारा आठ-दहा टक्के गॅस धरून साधारण १७ ते १८ लाख कोटी घनफूट लागतील. म्हणजे अख्खे पाव शतक एवढा अवाढव्य प्रकल्प चालवूनही साठ्याचा जेमतेम सहावा हिस्सा संपतो.

त्या ८ डॉलरमधून आता खर्च वजा करत जाऊ. जहाजभाडे ०.७० धरा, आशियातला ग्राहक जवळ असेल तर थोडे कमी. प्रकल्पाची गुंतवणूक २० अब्ज डॉलर जाहीर झाली होती. १० टक्के परताव्याने २० वर्षांत ती वसूल करायची तर वर्षाला सुमारे २.३५ अब्ज डॉलर बाजूला पडतात, म्हणजे प्रत्येक एमएमबीटीयूमागे साडेतीन डॉलर. विहिरी, समुद्रतळाच्या वाहिन्या, देखभाल, विमा, सुरक्षा मिळून चालू खर्च १ डॉलर. उरले २.८०. जमिनीखालच्या गॅसचे खरे भाडे तेवढे: वर्षाला १.९ अब्ज डॉलर. रॉयल्टी, कर, नफ्यातला हिस्सा आणि सरकारी कंपनीचा १५ टक्के भाग मिळून सरकारकडे त्यातला निम्मा आला असे उदारपणे धरले तर वर्षाला ०.९५ अब्ज, म्हणजे जीडीपीच्या पावणेपाच टक्के.

त्यातही हा सरासरी आकडा आहे. असल्या करारांत आधी कंपन्यांचा खर्च वसूल होतो, मग नफा वाटला जातो, आणि सरकारचा हिस्सा पायरीपायरीने वाढतो. सुरुवातीच्या वर्षांत अर्थमंत्र्याच्या हाती फार थोडे पडते. पैसे पाच वर्षांनी सुरू होऊन २५ वर्षे येणार असतील, तर १० टक्के वटाव दराने त्या सगळ्या प्रवाहाची आजची किंमत सुमारे ५.४ अब्ज डॉलर होते. चाळीस पट जीडीपीपासून सुरुवात केली होती. पहिल्या मोठ्या प्रकल्पातून सरकारच्या हिश्शाला येतो तो जीडीपीचा साधारण पाव भाग. उरलेला पाच षष्ठांश गॅस आणखी प्रकल्प उभे राहतील तेव्हाचा, त्यामुळे आजच्या किमतीत तो आणखी हलका. दर ८ ऐवजी ६ झाला तर भाडे २.८० वरून ०.८० वर येते. किमतीत पाव घट, भाड्यात सत्तर टक्के घट. या हिशेबातला सर्वात नाजूक दुवा हाच आहे.

उशीर म्हणजे काय, हेही इथे रोकड्यात दिसते. २४ मार्च २०२१ रोजी पाल्मा गावावर सशस्त्र हल्ला झाला, एप्रिलमध्ये प्रकल्प चालवणाऱ्या टोटलएनर्जीज या फ्रेंच कंपनीने फोर्स मेजर (आवाक्याबाहेरच्या कारणामुळे करार पाळता येत नाही, अशी घोषणा) जाहीर करून काम थांबवले, आणि ती घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतली. पहिला एलएनजी २०२४ मध्ये निघायचा होता, आता २०२९ चे उद्दिष्ट आहे. कंपनीने या काळातल्या साडेचार अब्ज डॉलरच्या वाढीव खर्चाची वसुलीही मागितली. १० टक्के दराने पाच वर्षांचा उशीर म्हणजे आजची किंमत ३८ टक्क्यांनी कमी, आणि वाढीव खर्च वसुलीत गेला की सरकारचा हिस्सा आणखी मागे. गुणोत्तरात यातले काहीही उमटत नाही. साठा तोच, जीडीपी जवळपास तोच.

आणि पैसा येण्याआधीच तो खर्च झाला तर? २०१३-१४ मध्ये मोझांबिकच्या काही सरकारी कंपन्यांनी मासेमारी नौका आणि सागरी सुरक्षेच्या नावाखाली सुमारे २ अब्ज डॉलरची कर्जे उचलली. त्यातल्या मोठ्या भागाची सरकारी हमी संसदेपासून लपवलेली होती. २०१६ मध्ये ते उघड झाले, नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी मदत थांबवली, चलन घसरले, आणि जानेवारी २०१७ मध्ये देशाने रोख्यांवरचे देणे थकवले. नव्या गॅसच्या भरवशावर देशाची पत फुगलेली असतानाचीच ही कर्जे. खोल समुद्रातल्या रोवुमाच्या गॅसचा पहिला माल कोराल सुलवरून निघाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. डॉलरमागे १४० घनमीटर हा आकडा कर्ज देणाऱ्याला जेवढा मोहात पाडतो, तेवढाच घेणाऱ्यालाही. मोठ्या गुणोत्तराचा हा धोका मला सर्वात गंभीर वाटतो, आणि त्याची किंमत मोजतात ती त्या देशातली सामान्य माणसे.

जीडीपी वाढला म्हणजे देशाचे उत्पन्न वाढलेच, असेही धरू नये. परदेशी कंपनीचा नफा आणि कर्जावरचे व्याज बाहेर जाते, तरी ते जीडीपीत मोजले जाते. पापुआ न्यू गिनीत १९ अब्ज डॉलरच्या एलएनजी प्रकल्पातून २०१४ मध्ये निर्यात सुरू झाली. जीडीपीने उडी मारली, पण सरकारी महसूल आणि घरगुती उत्पन्न आधीच्या भाकितांच्या खूप मागे राहिले. प्रकल्प सुरू झाल्यावर छेदात जीडीपीऐवजी सकल राष्ट्रीय उत्पन्न घ्यावे ते यासाठी.

गुणोत्तर मोठे असूनही गॅस अडकून पडतो त्याची कारणे प्रत्येक देशात वेगळी. तुर्कमेनिस्तानला समुद्र नाही. पाइपलाइन हाच रस्ता, आणि ती ज्याच्या दारात जाते तो भाव ठरवतो. २००९ अखेरपर्यंत मुख्य ग्राहक रशिया होता, नंतर चीन. गाल्किनिशहून अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत १,८०० किलोमीटरची 'तापी' (चारही देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) वाहिनी वर्षाला ३३ अब्ज घनमीटर वाहील असे ठरले. भारताने गॅस खरेदीचा करार २०१२ मध्ये केला, गॅस अजून आलेला नाही. इराणकडे जगातला दुसरा सर्वात मोठा साठा, तरी हिवाळ्यात गॅस पुरत नाही म्हणून वीजकेंद्रे आणि कार्यालये बंद ठेवावी लागतात. घरगुती गॅस जवळजवळ फुकट असल्याने वापर बेसुमार, साऊथ पार्स या समुद्रातल्या मुख्य क्षेत्रातला दाब उतरत चाललेला, आणि दाब टिकवणारे मोठे कॉम्प्रेसर प्लॅटफॉर्म निर्बंधांमुळे मिळवणे कठीण. त्याच भूगर्भीय रचनेच्या दुसऱ्या बाजूला कतारने २००५ ते २०१७ नव्या प्रकल्पांना स्वतःहून स्थगिती दिली, क्षेत्राचा अभ्यास केला आणि मगच ७.७ कोटी टनांची क्षमता १४.२ कोटी टनांकडे न्यायला घेतली. खडक एकच, निकाल इतका वेगळा.

भारताचे ०.३६ हे वाचताना उलटा विचार करावा लागतो. एवढ्या लहान गुणोत्तरात गॅस देशाला बदलू शकत नाही, पण चुकीचा साठा धरला तर एखाद्या जिल्ह्यातला कारखाना नक्की बुडवू शकतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ मध्ये एप्रिल २००९ ला उत्पादन सुरू झाले, दिवसाला ८ कोटी घनमीटरचे नियोजन होते. २०१० मध्ये ते ६ कोटींवर पोचले आणि तिथून कोसळले. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली, दाब पडला. मुख्य दोन क्षेत्रांचा साठ्याचा अंदाज १० लाख कोटी घनफुटांवरून सुमारे ३ वर आला. दाभोळचा १,९६७ मेगावॅटचा प्रकल्प याच गॅसवर अवलंबून होता. तो २०१३ नंतर गॅसअभावी थंड पडला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये आयात गॅसवर, रेल्वेला ५०० मेगावॅट देण्यासाठी, अंशतः सुरू झाला. रत्नागिरीतल्या माणसाला सिद्ध आणि संभाव्य साठ्यातला फरक समजावून सांगायला यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

मोझांबिकशी आपला संबंध थेट आहे. अफुंगी प्रकल्पामागच्या क्षेत्रात भारतीय सरकारी कंपन्यांचा एकत्रित हिस्सा ३० टक्के: ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या भारत पेट्रोलियमची उपकंपनी. त्यामुळे वरच्या हिशेबातला ८ डॉलरचा दर दोन्ही बाजूंनी आपल्याला लागतो. मालक म्हणून चढा हवा, आणि निम्मा गॅस आयात करणारा देश म्हणून उतरता.

हा तक्ता स्वतः तयार करणार असाल तर प्रत्येक देशापुढे एवढे स्तंभ ठेवा: साठा, त्याचा वर्ग आणि तारीख, त्या वर्षाचा दर, गॅस वगळून जीडीपीची पाच वर्षांची सरासरी, वार्षिक उत्पादन, अंतिम गुंतवणूक निर्णय झालेल्या प्रकल्पांना जोडलेला गॅस वेगळा, आणि सरकारला गॅसपासून प्रत्यक्ष मिळालेली वर्षाची रक्कम. मोझांबिकसाठी शेवटचा स्तंभ भरायची आता सोय झाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या संसदेने सार्वभौम निधीचा कायदा मंजूर केला: पहिली १५ वर्षे गॅसच्या सरकारी उत्पन्नातला ४० टक्के भाग निधीत, ६० टक्के अर्थसंकल्पात. निधीत जमा झालेली रक्कम अडीचने गुणली की सरकारची त्या वर्षाची कमाई मिळते. ती जीडीपीने भागा आणि वरच्या पावणेपाच टक्क्यांशी ताडून पाहा. सुरुवातीची बरीच वर्षे ती १ टक्क्याच्याही खाली दिसली तर हिशेब चुकला असे समजू नका. आधी खर्च-वसुलीचा स्तंभ तपासा.